सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

हडपसरच्या पुढच्या टाउनशिपमध्ये आम्ही फ्लॅट घेतला तो एका अपमानामुळे, हे तुम्हाला कधी सांगितलंय का?

मला आणि बायकोला सॅम्पल फ्लॅट बघताक्षणी आवडला होता. पण फॉर्मवर पहिली सही नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची हवी होती, आणि ते पुण्यातल्या पेठेतलं घर सोडायला तयार नव्हते. "तिकडे सगळे गोड बोलतात. माझा जीव गुदमरेल," हे त्यांचं कारण. त्यात फ्लॅट दाखवणारी मुलगी तर साखरेत घोळलेली. "सर, ही मास्टर बेडरूम बघा ना, किती स्पेशियस आहे!"

नाना चपला काढून पलंगावर आडवे झाले. पोटऱ्यांपासून पाय बाहेर! खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून घेतलेला.

"बाई, या मापाची माणसं तुम्ही देता, की आम्ही आणायची?"

बायकोनं माझा हात घट्ट धरला. संपलं सगळं, असंच मला वाटलं.

त्या मुलीचं हसू मावळलं. "आजोबा, आम्ही फ्लॅट विकतो, पलंग नाही. झोप झाली असेल तर उठा, मागे लोक थांबलेत."

नाना ताडकन उठून बसले. "कुठल्या तुम्ही?"

"नारायण पेठ."

"तरीच!" नातू झाला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता. "आणि आता राहता कुठे?"

"इथेच. बी विंग, चौथा मजला."

नाना माझ्याकडे वळले. "पेन काढ. आणि यांच्या शेजारचा रिकामा आहे का, विचार."