राखीव दिग्दर्शक

हॉलिवूडमध्ये विमा कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी माझ्या शेजारी दोन दिग्दर्शक बसले होते. म्हातारा खोकत होता.

“इतक्या वर्षांनी सिनेमा मिळालाय, डेल. समुद्री चाच्यांचा.”

“तुम्ही तर गुंडांचे सिनेमे करायचात, साहेब.”

“गुंड, वाळवंट, वाघ. स्टुडिओनं दिलं ते केलं. तू इथं कसा?”

“तुमच्याच सिनेमासाठी. तुमचं वय बघून विमेवाल्यांनी राखीव दिग्दर्शक मागितला. तुम्ही मध्येच गेलात, तर मी पुरा करायचा.”

“म्हणजे माझ्या मरणाची वाट बघायचा पगार!”

“बायकामुलं आहेत, साहेब. आणि हे बघा, आत खोकू नका. नापास झालात तर सिनेमाच रद्द, मलाही काम नाही.”

“आणि पास झाल्यावर?”

“मग खुशाल खोका.”