सुमनमावशीची पोटनिवडणूक

अरे, मंदीतली गोष्ट आहे. अबुधाबीत आमच्या ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती आणि मी नवा, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तिकडे माझी सुमनमावशी आमदार नसतानाच मंत्री झाली! आता सहा महिन्यांत पोटनिवडणूक जिंकायची, नाहीतर मंत्रिपद गेलं.

मतमोजणीच्या दिवशी मी कॉम्प्युटरवर निकाल बघत होतो, आणि नेमकं आमच्या इजिप्शियन साहेबांनी पकडलं. घाबरत घाबरत सगळं सांगून टाकलं.

"फर्स्ट जॉब, देन इंटरव्ह्यू?" म्हणत ते खुर्ची ओढून शेजारीच बसले!

शेवटच्या फेरीपर्यंत मावशी मागे. साहेब टेबलावर मूठ आपटतायत, "यल्ला मॅडम, यल्ला!" आणि मावशी तीनशे मतांनी आली की! अख्खं ऑफिस उभं राहिलं. साहेबांचं "मॅडम, मॅडम!" चालूच होतं, तेवढ्यात मी तिथूनच फोन लावला.

"मावशी, तू पक्की झालीस! माझं अजून ठरायचंय."

"मला दारोदार हात जोडावे लागले रे," मावशी म्हणाली, "तुला एकाच माणसाचं मत हवंय. मागे 'मॅडम, मॅडम' ओरडतोय, तोच ना?"