फोटोग्राफरवरची पैज

खूनकथांच्या मालिकेचा सातवा, शेवटचा भाग न वाचताच परत करायला ती वाचनालयाच्या रांगेत उभी होती. खुनी कोण, यावर तिची आणि आईची पैज लागली होती. आई दुसऱ्या भागापासून पोलिसांच्या फोटोग्राफरवर अडून बसली होती. हिचा संशय शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरवर. निकाल लागायच्या आत आई गेली. एकटीने शेवट वाचायला हिचं मन धजेना.

पुढे एक काका आणि एक बाई त्याच पुस्तकावरून भांडत होते.

"सात भाग नुसती चिरफाड हो, ताई! जेवताना वाचायची सोय नाही."

"जेवताना वाचायला सांगितलं कुणी? मला तर चिरफाडच आवडली. प्रेमप्रकरण मात्र अगदी पाणचट."

"आणि शेवटी खुनी कोण, तर म्हणे फोटोग्राफर! शुद्ध फसवणूक. आधी एखादा धागा तरी द्यायचा!"

"ते मात्र खरं. कुणाच्या बापाला कळलं नसतं."

हिच्या तोंडून आपसूक निघालं, "धागा होता, काका. प्रेत सापडलं की सगळे विचारतात, हा कोण? फोटोग्राफर एकदाही विचारत नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरेच्चा! खरंच की! तुम्ही ओळखलंत?"

"मी नाही. आईनं. दुसऱ्याच भागात."

"दुसऱ्या? कमाल आहे! आईंना सांगा, आम्हा दोघांना चारी मुंड्या चीत केलंत म्हणावं!"

"तिघांना," ती म्हणाली, आणि पुस्तक पुन्हा पिशवीत टाकून रांगेतून बाहेर पडली.