आंब्याचा तिरका काप

बसा मंडळी, सरकून बसा. टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. एका माणसावर आळ घेतला. कुठं? देवळात, चार जणांच्या देखत, मोठ्या आवाजात! पुढं कळलं, की आळ खोटा. मग माफी कुठं मागायची? ...काय म्हणालात? त्याच्या घरी जाऊन? मागून कुणीतरी म्हणतंय, फोनवर. वा रे वा! आळ माईकवर आणि माफी कानात — हा कुठला न्याय? पण उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

जालिंदर कोलते नावाचा एक शेतकरी. खंडोबाच्या माळाखाली त्याचं रान. त्यानं चाळीस आंबे लावले. कसे? गावठी कोया जागेवरच पुरल्या, रोपं अंगठ्याएवढी जाड झाली, आणि श्रावणात त्यांच्यावर केशरची काडी भरून घेतली. आता जे शेतकरी नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खाली खुंट गावठी, वर काडी केशरची. जोडाच्या वर तुटलं तर केशर फुटतो. जोडाच्या खाली तुटलं तर फुटतं ते गावठी. पानं हिरवीगार, फळ आंबटढाण! बाहेरून कळत नाही. माणसाचंही असंच असतं, पण ते राहू द्या.

ही कलमं बांधली म्हातारदेव अण्णांनी. जालिंदरच्या बांधाला बांध लागून त्यांचं शेत. वय सत्तरीचं, बोलणं कमी. खिशात कलमाचा छोटा चाकू, इतका धारदार की पंचक्रोशीत तसा दुसरा नाही. अण्णांनी एक पैसा घेतला नाही. जाताना एवढंच सांगितलं, "जालिंदर, बुडख्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळ. उन्हाळ्याच्या तोंडाला..."

पुढचं ऐकायला जालिंदर थांबला कुठं? तो हसतच सुटला. आंब्याला लुगडं? मग चोळी पण शिवू का? पारावर आठ दिवस हाच विषय. अण्णांनी मात्र आपल्या शेतातल्या सगळ्या रोपांना पट्ट्या बांधल्या. हिरव्या, लाल, काठाच्या. लांबून बघावं तर लग्नाचं वऱ्हाड उभं राहिलंय!

दिवाळी गेली, संक्रांत गेली, रानातला हरभरा निघाला. माळ वाळून पिवळा पडला. फाल्गुनात एका सकाळी जालिंदर बागेत गेला, बघतो तर काय! अकरा झाडं तुटलेली. जोडाच्या खाली, जमिनीपासून चार बोटांवर. काप कसा? तिरका, साफ, चाकूनं घ्यावा तसा. आणि शेंडे शेजारीच पडलेले! शेळीनं खाल्लं असतं तर आधी पाला ओरबाडला असता. हे तर कुणीतरी कापून टाकलंय.

अकराच्या अकरा झाडं अण्णांच्या बांधाकडची. पलीकडं अण्णांच्या बागेत एका पानाला धक्का नाही.

झालं! मंडळी, संशयाला बी लागत नाही, तो नुसत्या वाऱ्यावर रुजतो. पण जालिंदरच्या मनात मात्र बी होतं. गेल्या पेरणीला नांगरताना त्यानं तो बांध एक तास आत कोरला होता. तास म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त नाही. अण्णांनी बघितलं होतं, बोलले काही नव्हते. जालिंदरला वाटलं, हा त्याचाच सूड. स्वतःचं पाप आठवलं की समोरचा पापी दिसायला लागतो. खोटं असेल तर सांगा, मी कीर्तन इथंच थांबवतो.

रविवारी खंडोबाच्या देवळात गाव जमलं होतं. जालिंदर डोक्याला केशरी फेटा बांधून गेला. लग्नातला फेटा, अब्रूचा. सगळ्यांसमोर त्यानं अण्णांवर बोट रोखलं आणि म्हणाला, असा काप घेणारा चाकू गावात एकच आहे. अण्णा म्हणाले, मला एकदा झाडं तरी बघू दे. हा म्हणतो, "कापणाऱ्यानं काप बघून काय करायचंय? बेल-भंडार उचला."

बेल-भंडार उचलणं म्हणजे देवाच्या अंगावरचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ वाहणं. म्हातारा उठला. बेल उचलला, भंडार उचलला आणि सावकाश बोलला.

"माझ्या चाकूनं याचं झाड तुटलं असेल, तर माझ्या हातचं एकही कलम जगू नये."

मग खिशातला चाकू काढून उपरण्यात गुंडाळला. म्हणाले, यावर आळ आलाय, आता हा उघडायचा नाही. आणि घरी गेले. लोक खाली बघत उठले. गावात दुसरा कलम बांधणारा नाही, म्हणजे नुकसान सगळ्यांचंच झालं. कुणी ब्र काढला नाही. तुम्ही असता तर काढला असता का? राहू द्या, सांगू नका.

पंधरा दिवसांत आणखी सहा झाडं तुटली. जालिंदर म्हणाला, बघा, शपथ घेऊनही सुधारला नाही. पण त्याची बायको शेषाबाई — तिचं डोकं ठिकाणावर होतं. ती भल्या पहाटे जाऊन बांधाच्या घाणेरीपाशी बसली. फटफटलं, आणि झुडपातून टुणकन एक ससा बाहेर आला. दोन उड्या, थांबला, कान फिरवले, गेला थेट आंब्यापाशी. मान वाकडी केली, कटकन दात लावले. शेंडा खाली! दोन पानं चघळली, बाकी टाकली आणि पुढच्या झाडाला लागला. चाकू नाही, जुनं वैर नाही. माळावर हिरवं उरलं नव्हतं, एवढंच. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला कुरतडावंच लागतं. आपली जीभही वाढते मंडळी, पण आपल्याला कुणी कुरतडायची सक्ती केलेली नाही.

शेषाबाईनं झाडांखालच्या गोल लेंड्या पदरात गोळा केल्या, तुटका शेंडा घेतला, घरी आली. नवरा चहा पीत बसलेला. तिनं पदर त्याच्यासमोर रिकामा केला.

"हा घ्या तुमचा बेल-भंडार. आणि हा काप नीट बघा. दोन दातांच्या दोन रेघा आहेत. चाकूला रेघा पडतात का?"

जालिंदरनं बघितलं. चहा तसाच राहिला. त्याच्या मनात पहिलं काय आलं असेल? ससा मारायचं! दुसरं काय आलं? की हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, गाव हळूहळू विसरेल. आठ दिवस तो तसाच राहिला. पण जेवण गोड लागेना. रोज बांधापलीकडं म्हातारा पाठमोरा काम करताना दिसे, आणि याला आपल्याच रानात चोरासारखं वाटे.

शेवटी तो बांधावर गेला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाला, "अण्णा, चुकलं माझं. ससा होता."

अण्णांनी खुरपं थांबवलं नाही. म्हणाले, "बोललास देवळात. मग हे बांधाला कशाला सांगतोस?"

ऐकलंत? हेच ते उत्तर.

पुढच्या रविवारी तेच देऊळ, तीच माणसं. जालिंदर तोच फेटा बांधून उभा राहिला. लेंड्या दाखवल्या, शेंडा दाखवला. नांगराचा एक तास बांधात घातला होता, तेही सांगून टाकलं. म्हणाला, "अण्णा खरे, मी खोटा." बोलताना रडला, आणि तोंड लपवलं नाही. अण्णा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बुडख्यांना पट्ट्या बांधल्यास का?"

"नाही."

"आधी त्या बांध. चाकूचं मग बघू."

जालिंदर तडक बागेत गेला. जुनं लुगडं शोधायलाही घरी थांबला नाही. डोक्यावरचा फेटा उतरवला आणि टर्रकन फाडला! शेषाबाई बघत राहिली. केशरी पट्ट्या फाडत गेला, आणि उरलेल्या तेवीस झाडांना गुंडाळल्या. मग सतरा खुंट राहिले, त्यांनाही. बोडक्या डोक्यानं उन्हात संध्याकाळपर्यंत काम करत होता.

बुडख्यांतून गावठी फूट जोमानं आली. श्रावणात एका सकाळी अण्णा आपण होऊन बांध ओलांडून आले. उपरण्याची गाठ सोडली, चाकू काढला. केशरी पट्टी बघून थोडे हसले. सतराच्या सतरा खुंटांवर पुन्हा काडी भरली.

शपथ काय होती, आठवतेय? माझं कलम जगू नये! भाद्रपदात जालिंदर रोज मोजायचा. सतरापैकी सतरा फुटली. देवानं निकाल दिला, पण सहा महिने घेतले. तोवर म्हाताऱ्यानं काय सोसलं ते त्यालाच ठाऊक.

आता मंडळी, ससा राहू द्या माळावर. मी तुम्हाला विचारतो, इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाच्या तोंडून कुणाचं झाड जोडाखाली तुटलंय? मान खाली घालू नका, तो माणूसही इथंच बसला असेल. प्रसाद घ्यायला रांग लागेल तेव्हा त्याला गाठा. कोपऱ्यात नेऊ नका. रांगेतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. मी आणि हा विठोबा तोवर उभे आहोत, आरती तुमचं बोलून झाल्यावर होईल.