सासरेबुवा आणि बंदचं बटण

...नाही हो, चालू व्हायला काहीच त्रास नव्हता, तुम्हाला सांगतो, माझा प्रोग्रॅम सकाळी गुणी बाळासारखा चालू व्हायचा, दिवसभर राबायचा, कुरकुर नाही, तक्रार नाही, पण संध्याकाळी 'बंद करा' हे बटण दाबलं रे दाबलं की याचं डोकं फिरलंच म्हणून समजा! म्हणून म्हणतो, चालू काय, कुणीही करेल... बंद करून दाखवा.

प्रोग्रॅम आहे रक्त तपासायच्या लॅबचा. मीच लिहिलेला, त्यामुळे शिव्या कुणाला घालायच्या हाही प्रश्न नाही. त्यात एकाच वेळी चार थ्रेड चालतात. थ्रेड म्हणजे... चार कामकरी समजा ना. एक मशीनकडून आकडे घेतो, दुसरा ते वहीत लिहितो, तिसरा रिपोर्ट छापतो आणि चौथा यांचा मुकादम. आता बटण दाबल्यावर हा मुकादम काय करायचा? वही ओढून घ्यायचा, दिवा घालवायचा आणि चालू पडायचा. अरे पण लिहिणाऱ्याचं पेन अजून कागदावर आहे ना? तो बिचारा अंधारात, नसलेल्या वहीत लिहितोय... की धाडकन सगळं कोसळायचं आणि दिवसातल्या शेवटच्या माणसाचा रिपोर्ट गायब व्हायचा.

आणि शेवटचा माणूस कोण? माझे सासरे. दुसरं कोण असणार? तीस वर्षं थिएटरात डोअरकीपर होते, हॉल बंद करून सगळ्यांच्या शेवटी निघायची सवय, त्यामुळे लॅबमध्येसुद्धा मुद्दाम बंद व्हायच्या वेळेला जातात. "गर्दीत आपण घुसत नाही, जावईबापू." आले होते आठ दिवसांसाठी, पण डॉक्टर म्हणाले, साखर कळल्याशिवाय प्रवास करायचा नाही. आता रिपोर्ट आला तर ते घरी जाणार, आणि रिपोर्ट माझ्या प्रोग्रॅमनं गिळलेला. बायको म्हणाली, "म्हणजे बाबांना परत सुई टोचायची?" मोठ्यानं नाही, हळूच म्हणाली. ते जास्त वाईट असतं.

मग मी ते केलं, जे आमच्या धंद्यात सगळे करतात आणि कबूल कुणी करत नाही. मुकादमाला सांगितलं, बाबा रे, दोन सेकंद थांब आणि मग दिवा घालव. माझ्या कॉम्प्युटरवर शंभर वेळा बंद केला, शंभर वेळा नीट बंद झाला. लॅबचा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला तीन सेकंद लागले. सासऱ्यांची दुसरी सुईही वाया. सांगतोय काय मी, चालू काय, कुणीही करेल...

मग चिडून लिहिलं, सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचं. संध्याकाळी लॅबच्या बाईंचा फोन. "अहो सर, हे बंदच होत नाहीये, मी पर्स खांद्याला लावून वीस मिनिटं उभी आहे, आता मी याला घरी घेऊन जाऊ का?" झालं होतं काय, तर मशीन बाईंनी आधीच बंद केलेलं, आणि आकडे घेणारा आमचा पठ्ठ्या त्या बंद मशीनसमोर ठिय्या देऊन बसलेला, आता देईल, मग देईल... मुकादम त्याच्यासाठी थांबलाय, बाई मुकादमासाठी थांबल्यात. शेवटी बाईंनी भिंतीवरचंच बटण दाबलं. वही कपाटात ठेवायचं, म्हणजे आकडे कायमचे जपून ठेवायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलेलं, ते राहिलंच. तिसरी सुईही वाया.

सासऱ्यांचे दोन्ही हात काळेनिळे, पण माणूस चिडला नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, हॉल बंद करायचा तर आधी तिकीटखिडकी बंद. नवीन माणूस आत नको. मग घंटा. मग दारात उभं राहून एकेक जण मोजायचा. मागच्या रांगेत एक जण हमखास झोपलेला असतो, त्याला घंटा ऐकू येत नाही, त्याला जाऊन हलवायचं, अहो उठा, आता पडद्यावर काही यायचं नाही. सगळे बाहेर, मग दिवे, मग कुलूप. तुम्ही आत माणसं असताना दिवे घालवता? आमच्याकडे नोकरी गेली असती."

तसंच लिहिलं. नवीन काम घेणं बंद, सगळ्यांना घंटा, मशीनसमोरच्याला हलवून उठवायचं, एकेकाची वाट बघायची, मग वही कपाटात आणि दिवा अगदी शेवटी. चौथी सुई. बाईंचा फोन आला, "सर, बंद झाला. आणि रिपोर्टपण निघाला." साखर एकदम व्यवस्थित. खरं सांगतो, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बॅग भरली. म्हणाले, "निघतो, पण आपली पद्धत तुम्हाला माहितीये. सगळे बाहेर पडले की कुलूप लावून मी शेवटी." मुलगी शाळेत गेली, बायको ऑफिसला गेली, सासरे कुलूप हातात घेऊन दारात उभे... आणि मी? अहो, मी घरूनच काम करतो! ते माझ्यासाठी थांबलेत, आणि पाहुणा घरात असताना मी बाहेर पडू कसा? दोघांनी एकमेकांसाठी असं अडकून बसायला आमच्या धंद्यात नाव आहे, जाडजाड पुस्तकं आहेत त्याच्यावर. या अडकण्याचा आज बारावा दिवस. बॅग परत रिकामी केलीये, दुपारचा चहा तेच करतात, छान करतात. यातून सुटायचं तर दोघांपैकी एकानं आधी उठायला हवं, एवढं मला पक्कं कळतं. पण उठतंय कोण...