वड्या घालायले चाललो

जमलेल्या मायबहिणींनो, दादांनो,

शकूमावशी गेली, अन् तिच्या फोटोपुढं उभं राहून बोलायचं माह्यावर आलं. माइक पहिल्यांदाच धरला आहे. सांभाळून घ्या.

माझे मालक मागं भिंतीपाशी बसले आहेत. त्यांच्या कानात आवाज यायले लागले, तेव्हा गल्लीनं एका शब्दात निकाल लावला: 'बाहेरचं हाय.' झाडफुकीले कोणी लामत्याचा बाबा सांगितला, कोणी कटंगीचा. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्याच, पण मी लाजेनं दाराले कडी घातली.

मावशी शेजारची. एक दिवस कडी वाजवून म्हणाली, "बाहेरचं हाय म्हन्तेत ना? मंग बाहेर आन जावयाले! घरात काहून कोंडून राह्यली?"

मी म्हटलं, "लोक पाहतील."

"हौ, पाहू दे. पाहून पाहून थकतीन."

तिचा मोठा लेक याच दुखण्यात गेला होता. "माह्या दारात तवा कोनी आलं नाही बाई," एवढंच ती बोलली.

मंग दर रविवारी तिचं अंगण. कोणाची लेक, कोणाचा भाऊ, अन् त्यांना सांभाळणारे आम्ही. घरी सांगायचं, 'वड्या घालायले चाललो.' अहो, कोहळ्याच्या वड्या उन्हात वाळवायच्या, अन् भर श्रावणात वड्या! पाऊस धो धो, अन् आम्ही वड्या घालायले! माझी सासू विचारे, "एवढ्या वड्या जातेत कुठं वो?" काय हसायचो आम्ही! रडायचोही. मावशी म्हणे, "रडून घ्या, तवरक चहा मांडते." असे रविवार आता कुठून आणू?

हे तिथं कोहळा किसत. किसता किसता त्या आवाजांशी बोलत. एकदा एक नवीन बाई म्हणाली, "श्श, चूप!" मावशी तिच्यावर अशी उखडली! "बोलू दे त्याइले. तू आपला कोहळा कीस."

ती गेली तेव्हापासून हे मले एकच विचारून राह्यले, "रविवारी कुठं जायचं?" चार घरचे लोकही तेच विचारतात. आज सांगते. रविवारी आमच्या अंगणात या. कोहळा मी आणते. दाराले कडी नसन.

आता मावशीसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. हे मधातच बोलतील. बोलू द्या. कोणी चूप म्हणू नका.