चौथ्या मजल्यावरची आरती

मुलांनो, कल्पना करा. विरारच्या एका सोसायटीचा गणपती आहे. दर्शनाच्या रांगेत तुमच्या पुढे मीरा आणि तिचे जयवंतकाका बोलत आहेत. पाय प्लास्टरमध्ये असलेले आजोबा आज चौथ्या मजल्यावरच्या घरातून आरती म्हणणार आहेत.

“काका, वरच्या आणि खालच्या, दोन्ही कॉम्प्युटरांवर लिनक्स ही एकच सिस्टिम आहे. वायफायवरून आजोबांचा आवाज खाली येतोय, पण दोन सेकंद उशिरा!”

“दोन सेकंदांत बाप्पा पळून जाणारेत का?”

“आपल्या टाळ्याही वर उशिराच पोचतात. आजोबा टाळ्यांसाठी थांबतात, आपण त्यांच्यासाठी. दुपारी सराव करताना दुसऱ्याच ओळीला सगळा गोंधळ झाला.”

“मग मोबाईलवर आरती लावू. नाहीतर लोक हसतील, बाई.”

“आजोबांना कोण सांगणार? सकाळपासून नवं धोतर नेसून बसलेत.”

“लवकर ठरव. निरांजन लावलं बघ!”

“इथला आवाज वर पाठवायचाच नाही. आजोबा म्हणतील, आपण त्यांच्या मागून म्हणू. उशीर कुणाला कळणारच नाही.”

“आणि त्यांनी ताल कशावर धरायचा? एकट्याने, भिंतीकडे बघत?”

मीराने रांगेतून पुढे होऊन मूर्तीजवळचा माईक बंद केला, तबकाजवळची झांज उचलली आणि ती जिन्याकडे धावली.